काटकसरीची करामत

रात्री विजेरी वापरून झाल्यावर ती बंद करावयाचे राहून गेले, तर सकाळपर्यंत तिचे सेल संपून जातात आणि घरातील वडील माणसांचे चार शब्द ऐकावे लागतात. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. आता त्याच घरातील दुसरी एखादी वस्तू घ्या. ताप मोजण्याचा इलेक्ट्रॉनिक तापमापक किंवा खिशात मावणारे गणनयंत्र पाहा. एका नाण्याएवढ्या चपट्या सेलवर ही वस्तू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. विजेरी केवळ उजेड पाडते. ही वस्तू मात्र मोजते, हिशेब करते आणि उत्तर अंकांत मांडून दाखविते. अधिक काम करणाऱ्याने कमी खावे, ही नवलाची गोष्ट नव्हे काय?

या नवलाचे मूळ त्या वस्तूच्या पोटात असलेल्या एका लहानशा चिपमध्ये आहे. सिलिकॉन या मूलद्रव्याच्या पातळ चकतीवर हजारो, कधी कोट्यवधी ट्रान्झिस्टर कोरलेले असतात. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह सोडणारे वा अडविणारे एक सूक्ष्म दार होय. या दारांच्या उघडझापीतून बेरीज, वजाबाकी, तुलना अशी सर्व कामे होतात. एकामागून एक आज्ञा वाचून ती पार पाडणारा जो चिपचा मुख्य भाग, त्याला प्रोसेसरचा गाभा म्हणतात. मोबाइल, हातातील घड्याळ, रक्तातील साखर मोजणारे यंत्र, कानात घालावयाचे श्रवणयंत्र, अशा सोबत बाळगावयाच्या वस्तूंसाठी जे गाभे तयार करतात, त्यांचा पहिला गुण वेग हा नसून काटकसर हा असतो. ही काटकसर माणसाला कशी साधली, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिज या विद्येच्या नगरीत अ‍ॅकॉर्न नावाची एक लहान कंपनी होती. इ. स. १९८१ च्या अखेरीस या कंपनीने शाळेतील मुलांना संगणक शिकता यावा म्हणून बीबीसी या नभोवाणी संस्थेसाठी एक संगणक तयार केला. 'बीबीसी मायक्रो' या नावाने तो ब्रिटनमधील शाळाशाळांत पोहोचला. परंतु कंपनीतील तरुण अभियंते तेवढ्याने संतुष्ट नव्हते. पुढच्या संगणकासाठी अधिक समर्थ प्रोसेसर हवा होता. बाजारात मिळणारे निरनिराळे प्रोसेसर त्यांनी पारखून पाहिले. एकही त्यांच्या मनास येईना. मग आपणच एक तयार केला तर? विचार धाडसाचा होता; कारण मोठमोठ्या कंपन्या अशा कामी शेकडो माणसे राबवीत आणि अलोट पैसा ओतीत. अ‍ॅकॉर्नजवळ या दोहोंपैकी काहीच नव्हते.

याच सुमारास अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठातून एक नवा विचार पुढे आला होता. डेव्हिड पॅटरसन हे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी असे दाखवून दिले की, प्रोसेसरला शेकडो अवघड आज्ञा शिकविण्याची गरज नाही. मोजक्या आणि सोप्या आज्ञा शिकविल्या, तर चिप लहान होते आणि काम उलट अधिक झपाट्याने होते. या पद्धतीला 'रिस्क' असे संक्षिप्त नाव मिळाले. शेतकरी शेतावर जाताना घरातील सगळी अवजारे खांद्यावर घेऊन जात नाही. रोज लागणारी दोनचारच नेतो आणि त्यांवर दिवसभराचे काम उरकतो. विचार तोच होता.

विद्यार्थ्यांच्या हातून जर प्रोसेसर तयार होऊ शकतो, तर आपल्या हातून का होऊ नये, असे अ‍ॅकॉर्नच्या मंडळींना वाटू लागले. तरीही मनात शंका होतीच. १९८३ साली सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोघे अभियंते अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात गेले. बीबीसी मायक्रोमधील प्रोसेसरची सुधारलेली आवृत्ती तेथील एक कंपनी तयार करीत होती. मोठा कारखाना, लखलखीत दालने आणि अभियंत्यांचे तांडे पाहावयास मिळतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांना दिसले ते एका वस्तीतील साधेसुधे घर आणि त्यात काम करणारी थोडीशी माणसे! दोघेही परतले ते मनातील भीती टाकून. मोठे काम करावयास मोठी इमारत लागतेच असे नाही, ही गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

काम सुरू झाले. प्रोसेसरने कोणकोणत्या आज्ञा पाळाव्यात, हे विल्सन यांनी ठरविले; त्या आज्ञा पाळणारी अंतर्रचना फर्बर यांनी आखली. हाताशी महागडी साधने नव्हती. म्हणून चिप तयार होण्याआधी तिची प्रतिकृती त्यांनी आपल्याच बीबीसी मायक्रोवर, बेसिक या साध्या संगणकभाषेत लिहून पडताळून पाहिली. कंपनीचे एक संस्थापक हरमान हाउझर पुढे विनोदाने सांगत की, आपण या मंडळींना अशा दोन गोष्टी दिल्या, की ज्या इतर कोणत्याही कंपनीने आपल्या माणसांना कधी दिल्या नसतील: एक, पैशाचा अभाव, आणि दुसरी, माणसांचा अभाव. विनोद खरा, पण त्यात मर्म होते. साधने तुटपुंजी असल्यामुळे रचना साधी ठेवणे भागच होते. जे अनावश्यक, ते वगळण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणखी एक अडचण होती. चिपने एक वॉटहून अधिक वीज खाल्ली, तर ती तापून तिचे प्लास्टिकचे आवरण टिकत नसे. मग चिनी मातीचे आवरण घालावे लागे आणि ते फार महाग पडे. म्हणून चिपची भूक एक वॉटच्या आत ठेवणे आवश्यक होते. ही भूक आधीच अचूक मोजण्याची साधने त्यांच्याजवळ नव्हती. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? प्रवासाला किती खर्च येईल हे ठाऊक नसले, म्हणजे तो प्रत्येक ठिकाणी हात आखडता घेतो. या अभियंत्यांनीही तसेच केले. रचनेच्या प्रत्येक टप्प्यावर त्यांनी विजेची बचत केली.

कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात घडलेल्या त्या पहिल्या चिपा दिनांक २६ एप्रिल १९८५ रोजी केंब्रिजला येऊन पोहोचल्या. अठरा महिन्यांचे श्रम पणाला लागले होते. चिपमधील एखादी चूक खोडरबराने पुसता येत नाही. ती दुरुस्त करावयाची तर चिप पुन्हा नव्याने घडवावी लागते, आणि त्याला पैसा लागतो. सर्वांच्या नजरा त्या इवल्याशा तुकड्यावर खिळल्या. चिप फलकावर बसविली आणि काय आश्चर्य! पहिल्याच प्रयत्नात ती बिनचूक काम करू लागली.

आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर फर्बर यांनी चिप किती वीज घेते हे मोजावयाचे ठरविले. पुरवठ्याच्या तारेवर त्यांनी अमीटर जोडला. अमीटर शून्य दाखवू लागला. शून्य कसे असेल? पोटात काही न जाता कोणी काम करू शकेल काय? त्यांनी जोडणी तपासली, तेव्हा उलगडा झाला. चिपला वीज पुरविणारी मुख्य तार जोडलेलीच नव्हती! आज्ञा आणि आकडे पोहोचविणाऱ्या इतर तारांमधून जी अल्पस्वल्प वीज चिपमध्ये शिरत होती, तेवढ्यावरच ती चालत होती. ताटावर बसलेल्यांच्या पानातून सांडलेल्या शितांवर जणू तिचे पोट भरत होते. पुढे रीतसर मोजणी केली, तेव्हा चिपची भूक एक वॉटच्या सुमारे एक दशांश एवढीच निघाली. नेम धरला होता फांदीवर आणि बाण जाऊन लागला शेंड्याला, असे झाले.

या चिपमध्ये सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी इंटेल या बलाढ्य कंपनीने काढलेल्या '८०३८६' या प्रोसेसरमध्ये २,७५,००० होते. दारे कमी, म्हणून उघडझाप कमी. उघडझाप कमी, म्हणून विजेचा खर्च कमी. साधेपणाचा हा सरळ हिशेब होता. या प्रोसेसरला 'आर्म' हे नाव मिळाले.

परंतु गुणाची पारख लगेच होतेच असे नाही. टेबलावर ठेवून भिंतीतील विजेवर चालविण्याच्या संगणकाला काटकसरीचे काय कौतुक? त्यातच १९८५ साली अ‍ॅकॉर्न आर्थिक संकटात सापडली. काही वर्षे लोटली. मग अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीला हातात धरून वापरावयाच्या एका यंत्रासाठी कमी वीज घेणारा प्रोसेसर हवा झाला, आणि तिची नजर या काटकसरी चिपवर गेली. नोव्हेंबर १९९० मध्ये अ‍ॅकॉर्न, अ‍ॅपल आणि चिपा घडविणारी व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या तिघांनी मिळून एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली. बारा अभियंते आणि केंब्रिजजवळच्या एका खेड्यातील, दुरुस्त करून घेतलेले एक जुने कोठार, एवढाच तिचा संसार होता. अ‍ॅपलचे 'न्यूटन' नावाचे ते यंत्र १९९३ साली बाजारात आले. पण त्याचा खप बेताचाच झाला आणि १९९८ साली ते बंद पडले.

तथापि नव्या कंपनीने एक निराळाच मार्ग धरला होता. ती स्वतः चिपा घडवून विकत नसे. गाभ्याचा आराखडा तेवढा तयार करी आणि तो वापरण्याचा परवाना इतरांना देई. एखाद्या कुशल स्थपतीने घराचा नकाशा द्यावा आणि ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे घर बांधावे, तसे हे होते. पुढे नोकिया कंपनीला मोबाइल दूरध्वनीसाठी असाच गाभा हवा होता. तिची एक तक्रार होती: आज्ञा लांबलचक असल्यामुळे त्या साठविण्यास स्मृती फार लागते आणि खर्च वाढतो. तेव्हा अभियंत्यांनी निम्म्या लांबीच्या आज्ञांचा एक नवा संच तयार केला. तेच काम सुमारे दोनतृतीयांश जागेत मावू लागले. असा गाभा असलेला नोकियाचा '६११०' हा दूरध्वनी १९९७-९८ च्या सुमारास आला आणि फार लोकप्रिय झाला. तेव्हापासून या घराण्यातील गाभे जगभर पसरत गेले. २०२३ सालापर्यंत असे गाभे असलेल्या २५ हजार कोटींहून अधिक चिपा तयार झालेल्या होत्या.

आता आपल्या मूळच्या कोड्याकडे वळू. आजचा काटकसरी गाभा वीज वाचवितो तरी कसा? त्याच्या मुख्य युक्त्या तीन आहेत.

पहिली युक्ती विजेचा दाब कमी ठेवण्याची. ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक उघडझापीला थोडी ऊर्जा खर्च होते. दाब निम्मा केला, तर हा खर्च निम्मा न होता चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून पूर्वी पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपांच्या जागी आज सुमारे एक व्होल्टवर चालणारे गाभे आले आहेत.

दुसरी युक्ती रिकाम्या खोलीतील दिवा मालवण्याची. मोठ्या वाड्यात माणसे माजघरात बसलेली असताना ओसरीवर, माडीवर आणि कोठीघरात दिवे जाळीत ठेवणे हे उधळपट्टीचे लक्षण. चिपमधील जो भाग त्या क्षणी लागत नाही, त्याची उघडझाप थांबवितात. पण दार लावूनही फटीतून वारा यावा, तशी बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडी वीज गळत राहते. म्हणून काही भागांचा तर पुरवठाच पुरता तोडतात.

तिसरी युक्ती सर्वांत महत्त्वाची, ती झोपेची. तान्ह्या बाळाची आई झोपलेली असली, तरी बाळाच्या हुंकारासरशी जागी होते. भांडी वाजली तरी मात्र ती जागी होत नाही. हा गाभाही तसाच झोपतो. काम संपले की तो निजतो; ठरावीक वेळ झाली किंवा कोणी कळ दाबली, की एका सेकंदाच्या अत्यल्प भागात जागा होतो, भराभर काम उरकतो आणि पुन्हा निजतो.

या झोपेने किती फरक पडतो, ते आपणच हिशेब करून पाहू. नाण्यासारख्या एका चपट्या सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास वीज साठविलेली असते. म्हणजे १ मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर तो २२० तास पुरेल. समजा, आपली चिप जागेपणी ५ मिलिअँपिअर घेते. ती अखंड जागी राहिली, तर सेल ४४ तासांत, म्हणजे दोन दिवसांच्या आतच संपेल. आता समजा, ती वेळेच्या हजाराव्या भागापुरतीच जागी असते आणि झोपेत २ मायक्रोअँपिअर घेते. मायक्रोअँपिअर म्हणजे मिलिअँपिअरचा हजारावा भाग. तेव्हा जागेपणाचा सरासरी खर्च ५ आणि झोपेचा सुमारे २, असा एकूण ७ मायक्रोअँपिअर झाला. २,२०,००० भागिले ७ केले, तर सुमारे ३१,४०० तास येतात. म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक! सेल तोच, चिप तीच, काम तेच. फरक एवढाच की, काम नसताना तिने विश्रांती घेतली. प्रत्यक्षात उपकरणाचे इतर भागही वीज घेतात आणि सेलही हळूहळू जुना होतो, त्यामुळे हा काळ थोडा घटतो. पण हिशेबाचे मर्म बदलत नाही.

केवळ सेलचे चार पैसे वाचावेत म्हणून हा खटाटोप नव्हे. ज्यांचे हृदय नियमित चालत नाही, अशा रुग्णांच्या छातीत हृदयाला ठेका देणारे एक छोटे यंत्र बसवितात. त्याची बॅटरी संपली, तर ती बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तेथे वाचविलेला प्रत्येक मायक्रोअँपिअर म्हणजे शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास झालेली मदत होय. अशा ठिकाणी काटकसर हा केवळ व्यवहार राहत नाही. ती दया होते.

सोप्या आज्ञांचा विचार ज्या बर्कलीत रुजला, तेथेच २०१० साली 'रिस्क-फाइव्ह' नावाचा नवा आज्ञासंच तयार होऊ लागला. तो कोणालाही परवानामूल्य न देता वापरता येतो. त्याच्या आधारे आपल्या देशातही गाभे तयार होत आहेत. चेन्नई येथील आयआयटी मद्रासने 'शक्ती' नावाचे, तर प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक या संस्थेने 'वेगा' नावाचे गाभे आखले आहेत. या सी-डॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे.

इकडे ब्रिटनमध्ये २०१६ साली एक मोठी समर्पक गोष्ट घडली. बीबीसीने अनेक संस्थांच्या साहाय्याने अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलामुलींना तळहातावर मावणारा एक इवलासा संगणक विनामूल्य दिला. त्याचे नाव 'मायक्रो:बिट'. दोन लहान सेलांवर तो चालतो, आणि त्याच्या अंतरंगात आर्म घराण्यातीलच एक काटकसरी गाभा आहे. शाळेतील मुलांच्या संगणकापासून निघालेली ही वाट अशी फिरून शाळेतील मुलांच्या तळहातावर आली.

मुलांनो, पुढे कधी एखादी सेलवर चालणारी वस्तू हाती आली, तर क्षणभर तिच्याकडे निरखून पाहा. ती स्तब्ध दिसते. पण तिच्यातील गाभा झोपेतही सावध आहे. जवळ थोडे होते म्हणून ज्यांनी थोडक्यात भागविले, त्यांच्या हातून ही वस्तू घडली आहे. गरजेपुरते घ्यावे, नेमके तेवढेच करावे आणि काम झाले की स्वस्थ राहावे, एवढाच तिचा धर्म आहे.

शब्दार्थ
अलोट – पुष्कळ, न संपणारा. तुटपुंजी – अपुरी. गत्यंतर – दुसरा उपाय. हात आखडता घेणे – जपून खर्च करणे. स्थपती – इमारतीची रचना आखणारा. पणाला लागणे – सर्वस्व धोक्यात असणे. समर्पक – अगदी योग्य.

स्वाध्याय
१. विल्सन आणि फर्बर यांच्या मनातील भीती अमेरिकेत कशामुळे गेली?
२. अमीटर शून्य दाखवीत असताना चिप कशी चालत होती?
३. 'साधने तुटपुंजी असल्यामुळे रचना साधी ठेवणे भागच होते.' याचा पुढे काय लाभ झाला, ते सांगा.
४. पाठातील चिप वेळेच्या शंभराव्या भागापुरती जागी राहिली, तर सेल सुमारे किती दिवस पुरेल? हिशेब मांडा.
५. तुमच्या घरातील सेलवर चालणाऱ्या वस्तूंची यादी करा. कोणत्या वस्तूचा सेल केव्हा बदलला, हे घरातील वडील माणसांना विचारून लिहा.